सासऱ्यांच्या बंदुकीचं पुनरुज्जीवन

३ जानेवारी, सकाळी ८
सासऱ्यांनी अखेर बंदूक सांभाळायला दिली. त्यांच्या पणजोबांची, पलटणीतली, दीडशेच्या वर वर्षांची. नळीत शिसं ओतून कधीच निकामी केलेली, कागदपत्रं चोख. सोबत दारू ठासायचा गज, संगीन आणि बार उडवायच्या टोप्या ठेवायची चामडी पिशवी. नुसतं तेलाचं बोट फिरवा जावईबापू, बाकी हात लावू नका, असं म्हणाले. मी मान हलवली. वयोमानाने माणूस भित्रा होतो.
संकल्प: २५ फेब्रुवारीला जुन्या शस्त्रांच्या क्लबचं प्रदर्शन आहे. तोवर बंदूक नव्यासारखी. चाळीस व्हिडिओ पाहून झालेत. स्क्रू तर नऊच.

४ जानेवारी
बाल्कनीत वर्कशॉप. बायकोने विचारलं, कपडे कुठे वाळवायचे. मी म्हणालो, इतिहासापुढे कपड्यांचं काय घेऊन बसलीस. ती बादली उचलून आत गेली. पटलं असावं.
संध्याकाळी माझे शर्ट ओलेच घडी करून कपाटात.

८ जानेवारी
पहिला स्क्रू निघेना. व्हिडिओतला माणूस म्हणतो, आठवडाभर तेल मुरू द्या. त्याला ऑफिस नसावं. पक्कड लावली. स्क्रूचं डोकंच गेलं. जुन्या काळी लोखंड हलकं यायचं. उरलेल्या आठांपैकी पाच व्यवस्थित निघाले. तीन निघाले.

९ जानेवारी, दुपारी १
घोड्याची स्प्रिंग दाबून धरायला वेगळं हत्यार लागतं म्हणे. मला दोन अंगठे आहेत.

दुपारी ४
स्प्रिंग खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी पाकिटात घालून आणून दिली. त्यांच्या कोरफडीच्या कुंडीत रुतली होती. माझा अंगठा बघून न विचारता पट्टी बांधली आणि बायकोशी अर्धा तास हळू आवाजात बोलत बसल्या. कोरफडीबद्दलच असणार.

१२ जानेवारी
लोखंडी भाग गंज काढायला व्हिनेगरमध्ये बुडवले. अर्धा तास पुरे.

१६ जानेवारी
ऑफिसात ऑडिट. व्हिनेगर डोक्यातून साफ गेलं. चार दिवसांत गंजही साफ. सोबत नळीवर कसले कसले बारीक आकडे आणि शिक्के होते, तेही गेले. रंग पेन्सिलीच्या टोकासारखा आलाय. भारदस्त वाटतो.
भाग ज्या पातेल्यात बुडवले ते दुधाचं होतं, हे आज कळलं. चहा ऑफिसातच प्यायलो.

२५ जानेवारी
लाकडी दस्त्याचं काम. कोणा आडदांडाने त्यावर चाकूने ओरखडे काढलेत, ओळीने दहा-अकरा. लोकांना जुन्या वस्तूंची कदर म्हणून नाही. पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, मग मुलीच्या टेबलासाठी आणलेल्या वॉर्निशचे तीन हात. तोंड दिसतं त्यात.
मुलगी म्हणाली, पलंगाच्या पायासारखं दिसतंय. टेबलाला वॉर्निश उरलं नाही, त्याचा राग.

६ फेब्रुवारी
चामडी पिशवी तेल चोळून उन्हात ठेवली होती. उघडायला गेलो तर झाकण एका हातात आणि पिशवी दुसऱ्या. दोन वेगळ्या वस्तू म्हणून मांडता येतील.

१९ फेब्रुवारी
जोडणी पूर्ण. दोन स्क्रू उरले. जुन्या कारागिरांना जास्तीचे स्क्रू घालायची खोडच होती.

२५ फेब्रुवारी, सकाळी ७
सासऱ्यांना परस्पर प्रदर्शनातच बोलावलंय. सरप्राइज. आभाराच्या भाषणाचे मुद्दे खिशात. शर्ट जरा दमट.

संध्याकाळी ६
थोडक्यात लिहितो.
क्लबचे अध्यक्ष म्हणजे आयुष्यभर बंदुका दुरुस्त केलेले गृहस्थ. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी बंदूक हातात घेतली आणि उजेडाला धरून तीनदा उलटसुलट फिरवली. भारावले असं मला वाटलं. मग विचारलं, नळीवरचे शिक्के कुठे गेले. मी सांगितलं, गंजाबरोबर. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बंदूक शेवटच्या टेबलावर ठेवायला लावली, पाण्याच्या जारशेजारी. पाणी प्यायला सगळेच येतात, म्हणजे जागा मोक्याची.
अकराला सासरे आले. पुढच्या टेबलांवर बंदूक शोधत होते. मी हाताला धरून आणलं. त्यांनी दस्त्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. उलटी करून दुसरी बाजू बघितली. मग विचारलं, खाचा कुठे आहेत.
पणजोबांना वाचता येत नव्हतं. पलटणीत घरचं पत्र आलं की कोणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि दस्त्यावर एक खाच करायचे. सात वर्षांत अकरा पत्रं. सासरे लहान असताना त्यांचे वडील त्यांचा अंगठा धरून खाचा मोजायला लावायचे. आकडे ते तिथेच शिकले.
हे मला आधी सांगायला हवं होतं. तसं मी म्हणालोही. त्यावर सासरे म्हणाले, हात लावू नका एवढं सांगितलं होतं. आवाज चढवला नाही. बायको जारच्या तोटीकडे बघत उभी होती. अकरा खाचा पुन्हा करून देतो, अगदी सारख्या अंतरावर, असं मी म्हटलं. ते म्हणाले, नको. बंदूक आता तुमच्याकडेच असू द्या.
घराण्याची वस्तू जावयाला दिली. कामाची याहून मोठी पावती काय असणार.
जेवण गेलं नाही. उन्हामुळे.

४ मार्च
बाल्कनी रिकामी केली. कपडे वाळत घालायला घरात कोणी नाही. बायको मुलीला घेऊन चार दिवस माहेरी गेलीय. सासऱ्यांना दोनदा फोन केला, सकाळी आणि दुपारी. दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, झोपलेत.

९ मार्च
उस्तादांचा फोन. नव्या सभासदांचा वर्ग आहे, बंदूक घेऊन या. म्हणजे दखल घेतली गेली. व्याख्यान लिहायला घेतलं. चौदा पानं झाली.

१४ मार्च, दुपारी २
व्याख्यान उस्तादांचं होतं. विषय, काय करू नये. मी बंदूक धरून उभं राहायचं आणि सांगतील तशी फिरवायची. दीड तास. स्क्रू झाले, व्हिनेगर झालं, वॉर्निशवर सगळ्यात जास्त वेळ गेला.
शेवटी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, दस्त्याचा एवढाच भाग वेगळा का दिसतोय. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मग मीच सांगितलं. पणजोबा, सात वर्षं, अकरा पत्रं. न अडखळता सगळं सांगितलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, हे घासलं कोणी.
मी म्हणालो, आधीच्या मालकाच्या जावयाने.