मागच्या खोलीतला संगणक धाकटीस

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, कोणाच्या धाकाने, लाडीगोडीने किंवा औषधाच्या गुंगीत नव्हे, तर पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. रागात लिहिले म्हणून कागद खोटा ठरत नाही, हे मी वकीलबाईंना दोनदा विचारून घेतले आहे. डॉक्टरांनी माझी नाडी, नजर आणि स्मरणशक्ती तपासली. त्यांनी मला आजची तारीख विचारली. पन्नास वर्षे लोकांची घड्याळे लावून देणाऱ्याला तारीख विचारणारा माणूस मी प्रथमच पाहिला, पण सांगितली.

कलम १. दोन वर्षांपूर्वी मी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करतो. त्यात असे वाक्य होते की, "आईच्या अंत्यदर्शनालाही न आलेल्या मुलीस माझ्या मिळकतीतील कवडीही देऊ नये." वाक्य माझेच. मात्र ते लिहिताना थोरला शेजारी खुर्ची ओढून बसला होता आणि "कवडीही" हा शब्द त्याने पुरवला होता. ते वाक्य कसे खोटे निघाले ते कलम ५ व ६ मध्ये आहे. ज्याला घाई असेल त्याने आधी तेच वाचावे. थोरल्याला घाई असणारच.

कलम २. मला दोन मुले. थोरला, ज्याला कचेरीत संगणकासमोर बसण्याचा पगार मिळतो. आणि धाकटी, जी माझ्याकडे हे काम शिकली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. अकरा वर्षांपूर्वी भरदुकानात, गिऱ्हाइकासमोर ती म्हणाली, "बाबा, ही हेअरस्प्रिंग तुमच्या हातून वाकलीय. आली तेव्हा सरळ होती." मी तिला दुकानाबाहेर काढले आणि या घरात तिचे नाव काढायचे नाही असे सर्वांना बजावले. ती परगावी गेली ती गेलीच. हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळातली केसाएवढी बारीक स्प्रिंग, माझ्याच हातून वाकली होती. हे मी आज प्रथम लिहीत आहे. तोंडाने अजून एकदाही म्हटलेले नाही.

कलम ३. दुकान, त्यावरचे राहते घर आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, ही सर्व माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती मी धाकटीस देतो. थोरल्याला त्याच्या लग्नाच्या वेळी घर घेऊन दिले आहे. सूनबाईने त्या घरात पडदे तेवढे चांगले निवडले. बाकी त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

कलम ४. हत्यारे: तिन्ही भिंगे, चिमट्यांचा संच, बारीक पेचकस, तेलाच्या कुप्या, आणि खिडकीजवळचे कामाचे टेबल, हे सर्व धाकटीस. टेबलाच्या डाव्या खणात तिचे जुने भिंग आहे. थोरल्याने ते मुलांना किडेमुंग्या बघायला मागितले होते. दिले नाही. शेजारच्या चष्मेवाल्याने माझा लांब चिमटा चार वर्षांपूर्वी "पाच मिनिटांसाठी" नेला आहे. तो या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे, तेव्हा हे कलम त्याला वाचावेच लागेल.

कलम ५. मागच्या खोलीतला संगणक.

हा संगणक माझ्या बायकोने धाकटी गेल्याच्या पुढच्या वर्षी घेतला. मला सांगितले, विणकामाचे नमुने बघायला हवा आहे. रोज दुपारी जेवणानंतर ती दार लोटून तिथे बसायची. ती धाकटीला ईमेल लिहिते हे मला ठाऊक होते आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होते. घरचा फोन मी उचलत असे, म्हणून त्या दोघींनी हा मार्ग काढला होता. मी दाराबाहेरून जाताना मुद्दाम खोकत असे, म्हणजे तिने घाबरू नये.

बायको गेली. मी थोरल्याला म्हणालो, "बहिणीला कळव." तो फोन घेऊन गच्चीवर गेला, खाली आला आणि म्हणाला, "सांगितलं. तिला जमणार नाही म्हणाली." मला ते लगेच पटले. इतक्या लगेच पटले याचीच मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

महिनाभराने मी त्या संगणकासमोर बसलो. हेतू चांगला नव्हता. धाकटीचा पत्ता फक्त त्या खात्यात होता आणि मला तिला एक खरमरीत पत्र लिहायचे होते, असे की वाचून तिला जन्मभर झोप लागू नये. मजकूर कागदावर तयार होता. पण खाते उघडेना. सुरक्षित जोडणी होत नाही, प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही, असले काहीतरी पडद्यावर येई आणि पुढे सगळे ठप्प.

थोरल्याला बोलावले. त्याने उभ्याउभ्या दोन बटणे दाबली आणि म्हणाला, "बाबा, खातं बंद पडलंय. मशीन पण मोडीतलं आहे. भंगारात द्या, त्यात आता काही नाही." कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याला बोलावले. तो तर बसलाही नाही. "काका, याचं वय झालं," म्हणाला. मी त्याच्यापेक्षा दुप्पट वयाचा माणूस समोर उभा होतो, याचे त्याला भान नव्हते. त्याचे दुकान आमच्या दुकानापेक्षा चकचकीत आहे, एवढेच त्याच्याबद्दल मी चांगले बोलू शकतो.

पुढे दोन वर्षे ते मशीन कापडाखाली पडून होते. अधूनमधून मी लावून बघायचो, शिवी द्यायचो आणि बंद करायचो. गेल्या महिन्यात ते भंगारवाल्याला द्यायचे ठरवले. पण मी कोणतेही यंत्र स्क्रू काढून घेतल्याशिवाय देत नाही. बारीक स्क्रू कुठेही लागतात. झाकण उघडले आणि आत नाण्याएवढा चपटा सेल दिसला. असले सेल मी हजारो बदलले आहेत. मीटर लावला. पार मेलेला.

तेव्हा लक्षात आले ते लिहून ठेवतो, म्हणजे धाकटी मनापासून हसेल. वीज नसते तेव्हा संगणकातले घड्याळ त्या सेलवर चालते. बायको त्या खोलीतले बटण भिंतीवरून कधीच बंद करत नसे, आणि मी त्यावरून तिच्याशी भांडत असे. ती गेल्यावर माझी शिस्त त्या खोलीतही शिरली: काम झाले की एकूणएक बटण भिंतीवरून बंद. त्यामुळे ते मशीन दर वेळी जागे झाले की त्याला वाटे आज एक जानेवारी दोन हजार नऊ आहे. ज्याची तारीख दहा वर्षे मागे, त्याला ते ईमेलचे खाते दारात कशाला उभे करील? पडद्याच्या कोपऱ्यात चुकीची वेळ दोन वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होती. पण ज्याला टिकटिक नाही त्याला मी घड्याळ मानतच नव्हतो, म्हणून मी तिकडे पाहिलेच नाही. थोरल्याने पाहिले नाही कारण त्याला पाहायचे नव्हते.

दुकानातल्या खणातला नवा सेल घातला, तारीख आणि वेळ लावली. जोडणी झाली. मग पासवर्ड मागितला. तो बायकोच्या विणकामाच्या वहीत, शेवटच्या पानावर होता. इथे लिहिणार नाही. हा कागद थोरलाही वाचणार आहे. तिचे अक्षर वाचण्यात मी पाच वेळा चुकलो, तर मशीन म्हणाले, चोवीस तासांनी या. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना "उद्या या" म्हणत आलो, ते असे फिटले. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बरोबर निघाला, तर म्हणे हा ईमेलचा प्रोग्राम फार जुना, याला नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, याच्यासाठी वेगळा काढून घ्या. तो काढायला खात्याच्या पानावर गेलो, तर आधी ओळख पटवा. एवढ्यात दिवाणखान्यातला फोन वाजला. एक बाई एकसुरात सहा आकडे बोलली आणि तिने फोन ठेवला. बायकोने घरचाच नंबर देऊन ठेवला होता. जो फोन मी तिला उचलू देत नव्हतो, त्यानेच माझी ओळख पटवली.

कलम ६. खाते उघडले आणि धाकटीची एक्केचाळीस पत्रे एकामागून एक खाली उतरली. सगळी बायको गेल्यानंतरची.

पहिल्यात ती विचारते, तुझ्या स्वेटरची बाही उसवलीय, टाका कसा घालायचा ते परत सांग. पुढच्यात, आई, तब्येत बरी आहे ना? मग, रागावलीस का? सातव्या पत्रात असे आहे: "दादाला फोन केला. तो म्हणाला, आईला तुझ्याशी आता संबंध ठेवायचा नाही, तू लिहीत जाऊ नकोस. असं असेल तर तू स्वतः एकदा लिही." त्यानंतरही तिने चौतीस पत्रे लिहिली. शेवटचे तीन महिन्यांपूर्वीचे.

ती दोन वर्षे मेलेल्या आईची मनधरणी करत होती. आणि मी जर ते खरमरीत पत्र पाठवू शकलो असतो, तर तिला आई गेल्याची बातमी माझ्या शिव्यांमधून कळली असती.

कलम ७. थोरल्याला बोलावून पत्रे समोर ठेवली. तो आधी म्हणाला, चुकून झालं. मग म्हणाला, कामाच्या गडबडीत राहिलं. शेवटी आवाज चढवून म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात ना, तिचं नाव काढायचं नाही या घरात? एवढी वर्षं तुमचा राग मी सांभाळला, आणि आता मीच वाईट?"

ते खरे आहे. म्हणून त्याला शिक्षा करताना मी स्वतःला वगळलेले नाही. पण राग माझा होता, खोटे त्याचे. माझा राग त्याने घर आणि दुकान आपल्या पदरात पडावे म्हणून वापरला, हे त्याने कबूल केले नाही तरी जुन्या मृत्युपत्रातला "कवडीही" कबूल करतो.

सबब, थोरल्यास मी संगणकातून काढलेला तो संपलेला सेल देतो. काचेच्या डबीत घालून, चिठ्ठी लावून ठेवला आहे. याशिवाय त्याने माझ्या मिळकतीवर कोणताही हक्क सांगू नये. माझ्या अंत्यविधीला त्याने यावे की नाही हे धाकटी ठरवील.

कलम ८. ~~माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत वकीलबाईंनी धाकटीस तिच्या आईच्या निधनाची बातमी द्यावी व हे मृत्युपत्र वाचून दाखवावे.~~

वरील कलम मी स्वतः खोडले असून बाजूला सही केली आहे. कारण नोंदवतो. वकीलबाई ते वाचून म्हणाल्या, "काका, ही वाटणी नाही, बातमी आहे. तिला तुमच्या मरणाची वाट कशाला बघायला लावता?"

मी म्हणालो, "माझं मरण, माझं कलम. तुम्ही भाषा तेवढी तपासा."

"आणि तुम्ही अजून दहा वर्षं जगलात तर? तोवर तिने आईला लिहीतच राहायचं?"

मी त्यांना चहाही न विचारता जायला सांगितले. त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलेच नाही. मला त्यांचा राग आला होता आणि अजून आहे, कारण मी भितो हे त्यांनी ओळखले.

कलम ९. उत्तर लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले की बायकोच्या खात्यातून पत्र पाठवले तर धाकटीला वर आईचेच नाव दिसणार. दोन वर्षांनी आईचे पत्र आले असे वाटून ती उघडणार. तेवढा एक क्षण मी तिला देऊन काढून घेऊ शकत नव्हतो. म्हणून शहात्तराव्या वर्षी स्वतःचे खाते काढले. मी माणूस आहे हे सिद्ध करायला मशीनने मला नऊ चित्रांतून सायकली ओळखायला लावल्या. दोनदा नापास झालो. पुन्हा फोन वाजला, पुन्हा तीच बाई, पुन्हा सहा आकडे.

पत्राच्या वर विषय लिहावा लागतो. मी लिहिले: "बाबा लिहितोय. आई आता नाही." खाली सहा ओळी. कोण खोटे बोलले ते लिहिले, हेअरस्प्रिंगचे लिहिले, आईच्या खात्याचा पासवर्ड लिहिला. माफी हा शब्द लिहून खोडला आणि परत लिहिला. पाठवायचे बटण काल दुपारी दाबले.

आज सकाळी उत्तर आले. ते असे: "कधी? तारीख आणि वेळ लिहा. बाकी काही लिहू नका."

मी तेवढेच लिहिले. अकरा जुलै दोन हजार सतरा, दुपारी चार वाजून वीस मिनिटे.

त्यानंतर तिच्याकडून काही आलेले नाही. तिने पुढे कधीच लिहिले नाही तरी या मृत्युपत्रातील एकही कलम बदलणार नाही. मागच्या खोलीतले बटण माझ्या हयातीत व नंतरही कोणी भिंतीवरून बंद करू नये.

स्थळ: दुकानामागची खोली, संगणकासमोर.
तारीख: सात नोव्हेंबर दोन हजार एकोणीस. वेळ दुपारी चार वाजून वीस मिनिटे. भिंतीवरचे माझे घड्याळ चार सेकंद पुढे आहे. संगणकाचे बरोबर आहे.

खाडाखोड: कलम ८, माझ्या हाताने.

(सही) घड्याळजी

आम्हां दोघांसमक्ष लिहून देणाऱ्याने शुद्धीत सही केली व आम्ही त्याच्यासमक्ष केली:

१. (सही) चष्मेवाला, शेजारी. चिमटा आज परत केला.
२. (सही) डॉक्टर. प्रकृती ठीक. आज तारीख विचारली नाही.