मागच्या दाराची पिन

मंगळवार, संध्याकाळ. राजूर.

आज जीव गार झाला. मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवरचा नकाशा बंद पडला, तेव्हा मी नवा करून देतो म्हणलो, तर शेठ हसला. "नकाशा काय, कुणीबी चिटकवतं!" त्यानं त्याच्या मेव्हण्याकडून चिटकवून घेतला. मेव्हण्यानं नुसतं 'राजूर' टाकलं, अन् काल अख्खं वऱ्हाड नगरकडच्या राजूरला गेल्तं. नवरदेवासकट! वाईट वाटायला पाहिजे का? वाटून न्हाई राह्यलं.

आज शेठचा फोन. "जल्दी बराबर कर, भाऊ." आता भाऊ? कुणीबी चिटकवतं ना?

केलं बराबर. पिन बिलकुल त्याच्याच कार्यालयावर आहे. फक्त मागच्या दाराला, खरकट्याच्या ढिगापाशी.

पुढचं वऱ्हाड बराबर पोचंल. वाजतगाजत, खरकट्यातून.