फ्रान्सची पुस्तकं आणि हदगावचा साक्षीदार

मी, सिद्धेश्वर गुरुपादप्पा कलशेट्टी, वय वर्षे सत्तावन्न, धंदा वजनकाटे दुरुस्ती, राहणार लातूर, हा मृत्युपत्राचा लेख स्वतःच्या हाताने, दुकान बंद ठेवून, दिवसाउजेडी लिहीत आहे. जूनमध्ये माझ्या हृदयात स्टेंट बसला. डोक्याला काही झालेलं नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. वकील रविकांत यांनी मसुदा करून दिला होता, त्यात चौदा चुका निघाल्या, म्हणून मीच बसलो.

१. राहतं घर माझ्या कमाईचं आहे. ते पत्नी अंजू हिचं, आणि बँकेतली ठेवही तिचीच. गॅलरीतल्या दोन खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून आहेत, त्या तशाच राहाव्यात. फ्रान्समध्ये कॉफीच्या दुकानाबाहेर माणसं अशीच रस्त्याकडे बघत बसतात, हे मी सात निरनिराळ्या कादंबऱ्यांत पडताळलं आहे. अंजू म्हणते, "बघायचं काय तिथं, ऑटो?" होय, ऑटो. पण दोघांनी मिळून बघायचे.

२. दुकान, हत्यारं आणि पितळी वजनांची पेटी मुलगा वीरेश याला. तो इलेक्ट्रॉनिक काटे विकतो, विकू दे. मात्र 'आधी नमस्कार, मग काम' ही पाटी काढू नये. तिकडे गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी दुकानदाराला अभिवादन करतं, न करणारा अडाणी ठरतो. मोंढ्यातले लोक मला 'पॅरिसशेठ' म्हणतात. म्हणोत. नमस्कार करून म्हणतात.

३. पुस्तकं एकूण एकशे त्रेचाळीस. सर्व फ्रान्समध्ये घडणारी, एकाहत्तर मराठीत, बहात्तर इंग्रजीत. पहिलं मला रद्दीच्या दुकानात काटा दुरुस्त करताना मिळालं, कव्हर नसलेलं. मी दहावी नापास. ते एक पुस्तक मी डिक्शनरी मांडीवर घेऊन अकरा महिन्यांत वाचलं. ही सर्व पुस्तकं मुलगी दामिनी हिला. कादंबऱ्यांवरून मी हाताने काढलेला पॅरिसचा नकाशाही तिलाच. समासातल्या माझ्या पेन्सिलच्या नोंदी मी खोडून काढतो आहे. एकशे एक पुस्तकं झाली. उरलेली तिने खोडावीत, न वाचता.

४. पासपोर्ट. दामिनीने तीन वर्षांपूर्वी काढून दिला. "अप्पा, तुम्हाला तिथल्या गल्ल्या पाठ आहेत, चला ना," म्हणाली. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठीक आहे. खरं कारण असं, की त्या नदीच्या काठी उभा राहून मी 'बघ, पूल डाव्या हातालाच निघाला' असं म्हणायला शेजारी वळलो असतो, आणि ज्याला म्हणायचं तो शेजारी नसता. पोरीचं मन मोडलं, त्याबद्दल दिलगीर आहे. पासपोर्ट सरकारजमा करावा.

५. अंत्यविधी आपल्या लिंगायत रीतीने, बसवून, विभूती आणि बेलाची पानं वाहून. वीरेश म्हणतो, "अप्पांचं तोंड पॅरिसकडं करू." जंगमस्वामी सांगतील तिकडे करावं.

६. ग्यानोबा किशनराव वानखेडे, शेतकरी, राहणार हदगाव. माझ्यासारखंच वेड असलेला मराठवाड्यातला मला भेटलेला एकमेव माणूस. आम्ही पुस्तक एकच घ्यायचो. मी ते मधोमध कापून दोन भाग शिवायचो. पहिला वाचून झाला की एसटीच्या कंडक्टरबरोबर हदगावला पाठवायचा, आणि ग्यानोबा तो वाचेपर्यंत दुसरा मी वाचायचा. अशी एकोणीस वर्षं.

सहा वर्षांपूर्वी आंदोलनामुळे गाड्या बंद होत्या, म्हणून दोन्ही भाग माझ्याकडेच राहिले. मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि मग पहिला भाग तपासायला घेतला. पान अठ्ठ्याऐंशीवर गावचा बेकरीवाला म्हणतो, येत्या मार्चला मला साठ पुरी होतील. मी समासात लिहिलं: 'चूक. पान ३१२ वर हा त्या मार्चच्या आधीच, फेब्रुवारीत मरतो, आणि थडग्यावर वय साठ आहे.' गाड्या सुरू झाल्या, भाग पाठवून दिला.

ग्यानोबाची पत्नी विठाबाई तेव्हा नांदेडला दवाखान्यात होती. तो खाटेशेजारी बसून तिला रोज ते पुस्तक मराठी करून सांगत होता. तिला बेकरीवालाच आवडायचा. सांगता सांगता ग्यानोबाने समासातली ओळही सांगून टाकली. तोंडातून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. विठाबाई म्हणाली, "मरतोय व्हय त्यो? मग राहू द्या आता." त्यानंतर तिने पुढचं विचारलं नाही. नवव्या दिवशी ती गेली.

मी दहाव्याला हदगावला गेलो. अंगणात, चार माणसांत ग्यानोबा म्हणाला, "सिद्धू, तुला पुस्तक वाचायचं नसतंय, तपासायचं असतंय. तिला तेवढं एकच ऐकायचं होतं."

मी म्हणालो, "पण ग्यानबा, वय चुकलेलंच हाय ना."

वय चुकलेलं आहे, हे आजही खरं आहे. ते त्या अंगणात बोललो, आणि त्याआधी समासात लिहिलं, या दोन्ही चुका माझ्या. त्या मी इथे कबूल करतो. हे म्हणायला मला सहा वर्षं आणि एक कायदेशीर कागद लागला, याचीही नोंद व्हावी. त्या पुस्तकाचा दुसरा भाग माझ्या मिळकतीत धरू नये. तो मी अडवून ठेवलेला आहे, माझा नाही.

रविकांत सांगतात, ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये. मी चार दिवस विचार केला. ग्यानोबाच्या नावे पुस्तकं ठेवली तर ती गाडीने जातील. साक्षीदाराला मात्र स्वतः यावं लागतं, समोर बसून माझा हात कागदावर चालताना बघावा लागतो. म्हणून ग्यानोबाला मी काहीही ठेवत नाही. त्याचं नाव खाली साक्षीदार म्हणून लिहितो.

त्याला पत्र टाकलं आहे. तो येईपर्यंत मी सही करणार नाही. "काका, साक्षीदार कुणीबी चालतो, खालच्या पानवाल्याला हाक मारतो," असं रविकांत म्हणाले. मला चालत नाही. कागद सहीविना राहिला तर घरच्यांनी कायद्याने वाटून घ्यावं आणि बोल मला लावावा, ग्यानोबाला नाही.

लेख पूर्ण केला: लातूर, ३ ऑक्टोबर २०२५.

सही: सिद्धेश्वर गुरुपादप्पा कलशेट्टी
स्थळ: लातूर. सहीचा दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: रविकांत शिवराज हालकुडे, वकील, लातूर. (सही)

साक्षीदार २: ग्यानोबा किशनराव वानखेडे, वय ६१, धंदा शेती, रा. हदगाव, जि. नांदेड. (सही)
सोयाबीन काढायचं होतं, म्हणून उशीर झाला. सिद्धेश्वरने सही माझ्यासमोर केली. कलम सहा वाचलं. मान्य आहे. आज मुक्काम इथंच.