सामाईक लाइनीचा गोळा

झाशी,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. नीलकंठआजोबा यांस,
नीरजचा साष्टांग नमस्कार.

आमच्याकडे सगळं ठीक. पप्पांची ड्यूटी परत बदलली. ते घरी असतात तेव्हा झोपलेले असतात, त्यामुळे आमची भांडणं कमी झालीत. आईनं तुमच्यासाठी तिळाचे लाडू काढून ठेवलेत. मराठीत लिहितोय, कारण हिंदीत बोललो की तुम्ही कान खाजवत दुसरीकडे बघता.

शिवाजीरावांच्या वरच्या खोलीतलं आपलं टेबलावरच्या छोट्या रेल्वेचं यार्ड बंदच आहे. गेल्या रविवारी मी एकटाच जाऊन रूळ पुसून आलो, सहाही लाइनी. शिवाजीराव दारात उभे होते. म्हणाले, "मास्तर नहीं, तो काहे का यार्ड." मग टेबलांवर चादरी टाकल्या.

परीक्षेचा फॉर्म भरला का, असं तुम्ही विचारलं होतं. नाही भरला. कॉलेज मी नोव्हेंबरमध्येच सोडलं. एका सरांनी सगळ्यांसमोर काहीतरी टोचून म्हटलं आणि मी स्टूल फेकलं. लागलं नाही कुणाला. माफी मागितली असती तर परत घेतलं असतं, ती माझ्याच्यानं मागवली नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि लक्ष्मी तालाच्या काठावर बसून खातो. पप्पांना अजून माहीत नाही.

पण हे सांगायला बसलो नव्हतो. हे सोपं होतं म्हणून आधी लिहिलं.

नियम तुमचाच. यार्ड दोघांनी चालवायचं, ग्वाल्हेरच्या टोकाला एक, बीनाच्या टोकाला दुसरा. पण डबे ओढून बाहेर काढायला लाइन एकच, सामाईक. म्हणून तो पितळी गोळा. गोळा ज्याच्याकडे, त्याचंच इंजिन त्या लाइनीवर. तोही नुसता ठेवायचा नाही. हातात द्यायचा आणि तोंडानं म्हणायचं, "गोळा दिला." समोरच्यानं म्हणायचं, "गोळा मिळाला." पहिल्या दिवशी मी हसलो होतो, "आजोबा, खेळण्यातली तर गाडी आहे." तुम्ही म्हणालात, "मग खेळण्यांच्या दुकानात जा, इथे कशाला आलास?"

एकोणीस जानेवारीला, रविवारी, गोळा तुमच्याकडे होता. तुमचं काळं इंजिन, जे तुम्ही चार वर्षं पितळ कापून कापून केलंत, पाच डबे घेऊन हळूहळू सामाईक लाइनीवर येत होतं. गरम चहानं चष्म्यावर वाफ धरली. तुम्ही गोळा फळीच्या कडेला ठेवलात आणि चष्मा पुसायला लागलात.

चहा आभानं आणला होता. यार्डावर पाळीची वाट बघत बसलेल्या सलीलनं तिला काहीतरी सांगितलं आणि ती हसली.

आजोबा, तुमची नात मला आवडते. दोन वर्षं झाली. आदल्याच दिवशी तिला विचारलं होतं, तर म्हणाली, "पहले कुछ कर तो लो, नीरज." आणि दुसऱ्या दिवशी सलीलसमोर अशी हसत होती. माझं डोकं फिरलं. वाटलं, आख्खी मालगाडी एका दमात बाहेर ओढून दाखवतो हिला.

हात लांब करून मी गोळा उचलला आणि माझं इंजिन त्याच लाइनीवर सोडलं. काही म्हटलं नाही. तुम्हीही काही म्हटलं नाहीत. तुमचं लक्षच नव्हतं.

पुढचं तुम्ही पाहिलंत. तुमचं इंजिन फरशीवर, चाकं कपाटाखाली. आपल्याकडची सवयच आहे, सगळ्यांनी आधी हातांकडे बघितलं. गोळा माझ्या मुठीत होता. मी म्हणालो, "आजोबा, तुम्हीच दिलात ना? म्हणालात ना, गोळा दिला?"

तुम्ही आठवून बघताय, हे मला दिसत होतं. मग म्हणालात, "दिला असेन."

तेव्हासुद्धा मी बोलू शकलो असतो. शिवाजीराव म्हणाले, "उमर है, मास्तर, होता है." तुम्ही, एकतीस वर्षं खरं यार्ड सांभाळलेले. सलीलनं तुमचा हात धरून तुम्हाला जिना उतरवला आणि तुम्ही तो हात झटकला नाहीत.

नंतरचं मला आभाकडून कळत गेलं. सदर बाजारात गेलात की आता घरी एकटे परतत नाही, तिला फोन करता. गॅस बंद केला का, तीनतीनदा बघता. डॉक्टरांनी तुमची स्मरणशक्ती तपासायला बोलावलंय. तिचे सिद्धार्थमामा तेवीस तारखेला तुम्हाला नागपूरला न्यायला येताहेत, कायमचं. हे सांगताना ती रडली. म्हणाली, "त्या दिवशी तू आजोबांवर जरासुद्धा चिडला नाहीस. किती समजूतदार झालास रे." आणि माझा हात धरला.

मी हात सोडवून घेतला नाही, आजोबा. तीन आठवडे ती रोज फोन करत होती आणि मी रोज वाट बघत होतो. तुमची तब्येत विचारायचो. खरंच विचारायचो. आणि तुम्ही बरे झालात तर फोन बंद होतील, असं एकदा मनात आलं. तेव्हा स्वतःची किळस आली.

काल तिला सदर बाजारात ऑटोची वाट बघताना सगळं सांगितलं. तिनं दोन ऑटो जाऊ दिल्या. मी म्हटलं, "आत्ता घरी येतो, आजोबांच्या पाया पडतो, सांगतो."

"तोंडी नाही," ती म्हणाली. "तोंडी सांगितलंस तर उद्या त्यांना वाटेल, हेही आपल्याच मनानं रचलं. लिहून दे. तारीख घालून." मग ऑटोत बसताना, माझ्याकडे न बघता, "और मुझे फोन मत करना."

म्हणून लिहून देतो. त्या दिवशी नीलकंठआजोबांनी मला गोळा दिला नाही. "दिला" असं ते म्हणाले नाहीत. मी तो न विचारता उचलला, टक्कर मी केली आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो. आजोबा, तुम्हाला ते आठवत नाही, कारण ते घडलंच नाही.

हे डॉक्टरांना दाखवा. सिद्धार्थमामांना दाखवा, माझं नाव झाकू नका. शिवाजीरावांना मी स्वतः जाऊन सांगेन, सलीललाही. नागपूरला जायचं तर हौसेनं जा, या कारणानं नको.

माफी मागत नाही. ती मागितली तर तुम्ही देऊन टाकाल.

पत्र दारातून आत सरकवीन, बेल वाजवणार नाही. मनात शंका आली की पुन्हा वाचा, कितीही वेळा. घड्या घालून फाटू नये म्हणून मुद्दाम जाड कागद घेतलाय.

खोटं बोललेला,
नीरज दिवाकर पिंगळे