डाव्या कानामागची बट

दि. ९ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. हाताला सवय आहे म्हणून लिहिले जातात, फार मनावर घेऊ नकोस. आम्ही बरे आहोत. दुकान चालू आहे. जाताना तू नेलीस त्या खुर्चीच्या जागी नवी घेतली. तिची पाठ मागे टेकवली की नीट अडकत नाही, एवढं सोडलं तर तक्रार नाही. तुझ्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलं असं कळलं. आनंद आहे.

पत्राचं कारण आईचे केस.

हिवाळ्यात ती दुकानात आली ती डोक्याला रुमाल घट्ट बांधून. वाऱ्यासाठी म्हणाली. बाहेर पान हलत नव्हतं. रुमाल सोडला आणि माझ्या हातातला कंगवाच थांबला. मुळांशी नारिंगी, मध्ये काळे पट्टे, टोकांना मळकट तपकिरी. ओली केलेली बट रबरासारखी ताणली जायची आणि तुटून हातात यायची.

"हे कुणी केलं?"

"मीच. घरी. पाकीट आणलं होतं."

आईचा हात खांद्याच्या वर जात नाही, हे तुलाही माहीत आहे. शिवाय मानेवर ब्लीच जिथे थांबलं होतं ती हद्द नागमोडी होती. खालचे केस सोडायचे तर भांग असा वाकडा पाडावा, म्हणजे रेघ उठून दिसत नाही. हे मी आयुष्यात एकाच मुलीला शिकवलं.

शिकवलं तर बाकीचंही होतं. वर्षानुवर्षं काळा रंग बसलेल्या केसांवर तपकिरी चढत नाही. आधी जुना उतरवायचा, तोही हळूहळू, मध्ये केसांना विसावा देत. कानामागच्या एका बटेवर करून बघायचं, मगच डोक्याला हात लावायचा. तू एका बैठकीत कडक ब्लीच फासलंस आणि जळलेल्या केसांवर लगेच तपकिरी थापलंस. तुला नेहमीचीच घाई. जुनं निघालं की नाही ते न बघता वर नवं लावून मोकळी.

मी आईला काही बोलले नाही. जळलेली टोकं कापली. खाली काय पडतंय ते तिनं बघितलं नाही. पुढे बरेच दिवस नुसतं तेल, प्रोटीनचा लेप आणि गरम टॉवेल; रंगाचं नाव काढलं नाही. केस जरा धरू लागले तेव्हा सौम्य द्रावणानं काळे पट्टे थोडे थोडे उतरवले.

बेसिनवर मान टाकली, डोळे मिटले, की माणसं खरं बोलून जातात. आईसुद्धा.

"फोटोत आजीचे केस तपकिरी शोभतील म्हणाली गं ती. मग रडली बिचारी. म्हणाली, ताईकडे जा, तिच्या हाताला गुण आहे. फक्त मी पाठवलं असं सांगू नकोस."

बिचारी! माझ्याच गिऱ्हाइकांना फोन करकरून तू दुकान थाटलंस, तेव्हा केसानं गळा कापलास असं मी तुझ्या तोंडावर म्हटलं होतं. आजही म्हणते. आणि त्याच ताईच्या हाताचा गुण तुला चोरून हवा. इतका राग आला की पाणी कधी तापलं ते कळलंच नाही. आई दचकली. मी तिची माफी मागितली.

काल शेवटचं काम झालं. तिच्या तरुणपणच्या केसांच्या जवळ जाणारा तपकिरी रंग लावला. आरशात बघून ती हसली, खूप दिवसांनी. तसंच हसत विचारलं, "लग्नात तू काय घालणार गं?"

मी कंगव्यातले केस काढू लागले.

"तिनं केला ना फोन तुला? मला म्हणाली, केला."

काय सांगणार होते? एवढी खुशीत बसली होती. म्हटलं, "केला की. पण त्या दिवशी एका नवरीचं काम आधीच घेऊन बसलेय."

आईचं हसू गेलं. "सख्ख्या भाचीपेक्षा गिऱ्हाईक मोठं झालं होय तुला?" म्हणाली, आणि रुमाल उचलून निघाली. दारात मागे वळूनही बघितलं नाही. खोटं तू बोललीस आणि आईच्या मनातून मी उतरले.

आता एक कामाचं. त्या दिवशी आईचा अंबाडा तूच घालशील. डाव्या कानामागचे केस उचललेस की आत एक बट दिसेल, नारिंगी, तू केली होतीस तशीच. मी बाजूला बांधून ठेवली होती, तिला हातच लावला नाही. "ही राहिली की गं," आई म्हणाली होती. मी म्हटलं, असू दे. बाहेरून दिसणार नाही, फोटोतही नाही. दिसेल ती फक्त तुला. कापू नकोस, तिथे केस आधीच विरळ झालेत. रंग लावायचा तर आधी जुना उतरवावा लागेल, आणि ते कुणाला विचारायचं हे तुला माहीत आहे. माझा नंबर तोच आहे.

भाचीला आशीर्वाद. हे मात्र मनापासून.

आईच्या लेखी त्या दिवशी कामात असलेली,
ताई