मामीच्या शेताचा अंदाज

४ जून
मामीच्या खालच्या शेताचा आकडा लाल आला. कॉम्प्युटरवरचं मॉडेल पुन्हा चालवून पाहिलं. लालच!
माती आणायला गेले तेव्हा म्हणाली होती, "लागेल तेवढी ने गं, मातीला काय तोटा?" त्याच मातीत कॅडमियम, विषारी धातू. ओढ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी धातूला मुलामा द्यायचा कारखाना होता, त्याचं पाणी. त्यात भर म्हणजे माती आंबट. म्हणजे मुळांवाटे थेट तांदळात चढणार — निदान माझं गणित तसं म्हणतं.

५ जून
प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं, मामीला चुना टाकायला सांगू का? आंबटपणा उतरला की धातू बराचसा मातीतच अडकतो.
"आणि मग तुमचा अंदाज खरा की खोटा, ते कळणार कसं? कापणीपर्यंत थांबा."
बरोबर आहे त्यांचं. आहे ना?

१९ जुलै
लावणी झाली, मामीचा फोन. "विचार तुझ्या कॉम्प्युटरला, पीक कसं येणार!"
मी हसले. विषय बदलला.

२ सप्टेंबर
तिचा फोन उचलला नाही. दोनदा.

६ नोव्हेंबर
लिहायला हात धजत नाही.
तांदळाचे आकडे आले. इतर शेतांचे अंदाज थोडे इकडेतिकडे, मामीच्या शेताचा मात्र तंतोतंत! खाण्याच्या सुरक्षित मर्यादेच्या दुप्पट. मी टाळ्या पिटल्या. ओरडले — "आलं! आलं!" सरांनी पाठ थोपटली. वळून बघते तर दारात मामी. डोळे दाखवायला शहरात आली होती, जाता जाता डोकावली. चेहरा नुसता फुललेला.
"पास झालीस ना? बाहेरूनच कळलं मला!"
"हो," म्हणाले.
खाली जाऊन बिस्किटं घेऊन आली. सगळ्या प्रयोगशाळेला वाटली. सर मान खाली घालून खात होते. मीही एक घेतलं.

७ नोव्हेंबर
जनाची नाही तर मनाची तरी... कुठे होती माझी?

९ नोव्हेंबर
गेले आणि सांगून टाकलं. सगळं — लाल आकडा, चुना, पूर्ण हंगाम गप्प बसणं.
मामी पोत्याचं तोंड शिवत होती. सुई थांबली.
"म्हणजे त्या टाळ्या... ह्याच्यासाठी?"
मी मान हलवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! पोत्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
"हे विकायचं नाही मग," म्हणाली. "चुना किती लागेल, सांगून ठेव."
मी म्हटलं, तुझी लघवी तपासून घेऊ, हा धातू मूत्रपिंडात साठतो. तर हट्टच धरला, "तूही तपास. तू देणार असशील तर मी देईन." मला काय होणार? माझ्या घरी वर्षाचं पोतं येतं ते तिच्या वरच्या शेतातलं. तिथली माती स्वच्छ. पण वाद घालायचं तोंड कुठे होतं मला! दोघींनी दिली.

१७ नोव्हेंबर
रिपोर्ट आले. मामीचा चांगला. माझा नाही.
मामीला फोन करून सांगितलं. मग म्हणाली, "वरच्या शेतातला जाडाभरडा आम्ही खायचो गं. खालच्याचा दाणा देखणा, म्हणून तुझं पोतं दरवर्षी तिथून भरायचे. त्या दिवशीच ओळखलं मी, म्हणून तर तुलाही तपासायला लावलं. आता कुठल्या तोंडाने येऊ तुझ्यासमोर?"
तिने विचारलं. मला!