कर्ण्यातला पंचा

हिंगोली, रविवार, फेब्रुवारी १९७४

औरंगाबादेहून सुट्टीवर आलेल्या शालिनीने गिटारच्या गोंगाटाची इंग्रजी तबकडी आणली आहे. माझ्या किल्लीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई तिच्यावर चरे पाडील, म्हणून मी नकार दिला. त्याऐवजी तरुणपणी सिकंदराबादेत घेतलेली माझी ट्रम्पेट-ड्रमची तबकडी काढली. लावण्यापूर्वी सवयीने कर्ण्यात पंचा कोंबला.

"अण्णा, हे काहून?"

"नाना ओरडतील," तोंडून निघून गेले.

"आजोबांना जाऊन किती वर्षं झाली!" लेकीने हसत पंचा ओढून काढला.

खोली दणाणली. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती कडाडल्या, "अहो, लेकीसंगं तुमीबी लेकरू होऊन राहिले का?"

"आमच्यापेक्षा तुमचाच गोंगाट मोठा, अण्णा!"

अभिमान वाटायला हवा होता. पण ही तीच तबकडी काय? कॉलेजच्या दिवसांत कर्ण्याला कान लावून ऐकलेले ते संगीत नदीच्या पैलतीरावरून यावे तसे येई. इतके स्पष्ट ते कधीच नव्हते...

शालिनी मैत्रिणीकडे गेल्यावर मी पंचा पुन्हा कर्ण्यात सारला आणि कान टेकवला.

आले. पैलतीरावरून, अगदी तसेच.